चेंडू फ्रेममध्ये हवा

तमाम मराठी वाचकांस, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दबावाखाली न येता, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की संयुक्त अरब अमिरातींत एका अकरा वर्षांच्या मराठी मुलीवर सलग दोन वर्षं घोर अन्याय झाला. त्या अन्यायाच्या निवारणासाठी गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक उच्चस्तरीय शिष्टमंडळ दुबईला रवाना झालं. आणि कॅमेऱ्याच्या लेन्सचं वजन जास्त भरल्यामुळे शिष्टमंडळाला विमानतळावर स्वतःचे दोन स्वेटर आणि एक जाकीट एकावर एक अंगात चढवून विमानात बसावं लागलं. शिष्टमंडळात एकूण एक सदस्य होता. तो मी.

आता अन्याय सांगतो. माझी धाकटी बहीण मेघना आणि तिचे यजमान श्रीरंगराव सात वर्षांपासून दुबईत आहेत. त्यांची मुलगी इरा तिथल्या एका क्लबात बेसबॉल खेळते. हो, बेसबॉल. मलाही आधी धक्काच बसला होता. मुलीनं भरतनाट्यम सोडून गदेसारखा दांडका हातात घेतला म्हणून माझी आई आठ दिवस फोनवर बोलली नव्हती. पण ते जाऊ दे. या क्लबात दर मोसमाच्या शेवटी एक मोठा बोर्ड लागतो. त्यावर प्रत्येक मुलाचा खेळतानाचा एक फोटो, चौकटीत, खाली नाव. समारंभ झाला की ज्याची चौकट त्यानं घरी न्यायची. दोन वर्षं इराची चौकट रिकामी लागली आणि रिकामीच घरी आली. खाली नाव मात्र ठसठशीत.

आणि मार्चमध्ये श्रीरंगरावांची बदली पुण्याला होणार होती. म्हणजे हा शेवटचा मोसम, शेवटचा बोर्ड.

मी तीस वर्षं फोटो काढतो. लग्नं, मुंजी, आणि मनापासून म्हणाल तर क्रिकेट. शाळांच्या सामन्यांपासून मोठ्या स्पर्धांपर्यंत उडालेले स्टंप, सुटलेले झेल, रडणारे कर्णधार, सगळं मी टिपलंय. आणि माझ्या सख्ख्या भाचीची चौकट रिकामी? मेघनानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी एका लग्नाच्या हॉलमध्ये होतो. मी इतक्या जोरात "काय?" म्हणालो की भटजी थांबले.

जुमेरा लेक टॉवर्स

एकतिसाव्या मजल्यावर यांचं घर. खिडकीतून खाली एक तळं दिसतं, तेही माणसानं केलेलं. चारी बाजूंनी काचेचे टॉवर आणि प्रत्येक टॉवरात कुणीतरी लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये. माझी सोय इराच्या खोलीत होती. बॅग ठेवली आणि पहिली नजर भिंतीवर गेली. दोन चौकटी. एकीच्या कडेला तिनं हेअरक्लिपा लावून ठेवल्या होत्या. दुसरीत काहीच नव्हतं. नुसती काच, आणि काचेत मी, तीन कपड्यांच्या थरांत घामाघूम.

"इरा, या चौकटी रिकाम्या का गं ठेवल्यास?"

"इट्स फाइन, मामा."

आमचा संवाद पूर्ण मुक्काम असाच चालला. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत सांगायचं. मराठी तिला पूर्ण कळते, पण बोलायची वेळ आली की ती पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखी कपाटात ठेवते.

"फाइन कसलं? डोळ्यात पाणी येतंय माझ्या."

"दॅट्स द एसी, मामा."

मी म्हणालो, पुण्यात सॉफ्टबॉल आहे की, तिथं खेळ. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या गायकाला 'गाणं सुटलं तर काय झालं, शिट्टी वाजव' म्हणालो होतो. "दॅट्स अ डिफरंट बॉल," ती म्हणाली आणि चादर डोक्यावर ओढून झोपली.

श्रीरंगराव शांत माणूस. कशावरही त्यांचं एकच उत्तर, "इन्शाल्ला होईल, विनायकराव." फक्त एका बाबतीत ते पेटतात. मला खाली कॉफी प्यायला नेलं आणि बिल आल्यावर सात वर्षांच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "अठ्ठावीस दिरहॅम. म्हणजे साडेसहाशे रुपये. कॉफीचे!" शेजारच्या टेबलावरच्या गुजराती जोडप्यानं सहानुभूतीनं मान हलवली. त्यांनीही नुकताच तोच गुणाकार केला असावा.

क्लबचं मैदान

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सराव होता. मी माझी लांबलचक लेन्स खांद्यावर टाकून मैदानाच्या दारात पोचलो, आणि दारातच अडलो. लहान मुलांचे फोटो काढायला परवानगी लागते. चार पानी फॉर्म. नियम योग्यच आहे, आपल्याकडेही हवा, एवढं मी मान्य करतो. पण फॉर्ममधल्या 'मुलाशी नातं' या रकान्यापुढे पर्याय होते आई, वडील, पालक आणि अंकल. अंकल! मामा, काका, मावशीचा नवरा आणि खालचा वॉचमन, सगळे एकाच रकान्यात. मी पेनानं 'अंकल' खोडून 'मामा' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

टेबलामागे मारिसा नावाची एक हसरी फिलिपिनो बाई होती. क्लबचं सगळं तीच बघते. गुणलेखनही तीच करते. तिनं माझं खोडकाम बघितलं आणि मला पोपटी रंगाचं जाकीट दिलं. मी तिला थेट विचारलं, माझ्या भाचीची चौकट रिकामी का?

"बॉल, सर," ती म्हणाली. "फ्रेममध्ये बॉल हवा. आणि खेळाडू त्या बॉलच्या मागे हवा. नुसतं उभं राहून चालत नाही. नो बॉल, नो बोर्ड."

"हा नियम कुणाचा?"

तिनं बोट दाखवलं. कुंपणाच्या आत, जिथं मला मज्जाव होता तिथं, एक सहा फूट तीन इंच उंच माणूस गुडघा टेकून बसला होता. केविन. टेक्ससचा, तेलकंपनीत इंजिनियर, क्लबचा हौशी फोटोग्राफर. आणि त्याची लेन्स माझ्या लेन्सपेक्षा वीतभर मोठी होती. हे मी अत्यंत जड अंतःकरणानं लिहितोय.

आत राहायला त्याला परवानगी, मला नाही. का, तर तो क्लबचा सभासद. मी उजव्या बाजूच्या कंबरभर उंचीच्या कुंपणाबाहेर. पण थांबा, त्यातही एक सोय झाली, कारण इरा तिथंच उभी असते.

बेसबॉल ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मैदान पंख्यासारखं असतं. पंख्याच्या मुठीशी फलंदाज. त्यानं चेंडू मारायचा, दांडका टाकायचा आणि एकेक बेस, म्हणजे ठरलेला थांबा, गाठत पळायचं; फेरी पुरी झाली की धाव. चेंडू बहुतेक वेळा मध्ये नाहीतर डावीकडे जातो. उजवीकडच्या लांबच्या टोकाला म्हणतात राइट फील्ड. लहान मुलांच्या सामन्यात तिथं कुणी फिरकत नाही. आपल्याकडे गल्लीत धाकट्या भावाला 'तू लिंबूटिंबू, तू तिकडे गटाराजवळ उभा राहा' म्हणून जिथं पाठवतात ना, ती जागा. माझी भाची तिसऱ्या वर्षी राइट फील्डला होती. लिंबूटिंबू! सातासमुद्रापलीकडे जाऊनसुद्धा लिंबूटिंबू!

आणि फलंदाजी? तिथंही कोचनं तिला सांगून ठेवलेलं, मारू नकोस, सोड. चार वाईट चेंडू सोडले की फलंदाजाला चालत पुढच्या बेसवर जायला मिळतं. चेंडू सोडला की सगळे आईबाप टाळ्या वाजवून ओरडतात, "गुड आय!" म्हणजे काय, तर छान बघितलंस. आमच्या वेळी चेंडू नुसता बघितला तर सर मैदानात येऊन कान धरायचे. इथं काही न केल्याबद्दल टाळ्या. इरा त्यात उस्ताद. ती सोडते, टाळ्या पडतात, ती चालत जाते, आणि बोर्डावर काच.

अबुधाबी

शनिवारी अबुधाबीच्या संघाशी सामना होता. गाडीत मी मागे वळून इराला म्हणालो, "आज एकदा तरी बॅट फिरव. बाकी मी बघतो. तीस वर्षांचा अनुभव आहे तुझ्या मामाला."

"कोच विल बी मॅड."

"कोचला मी बघतो."

"दादा, तू कोणालाही बघू नकोस," मेघना पुढून म्हणाली. "तू फक्त फोटो काढ."

मैदान स्वच्छ, गवत खोटं, बाजूला लिंबाएवढ्या सावलीत आईबाप खुर्च्या टाकून बसलेले. मुलं सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलं तिथंच थुंकत होती आणि त्यांना कुणी काही बोलत नव्हतं! ज्या देशात मी चुकून रस्त्यावर टिश्यू टाकला तर श्रीरंगरावांचा रक्तदाब वाढतो, त्या देशात. आणि फलंदाज तर चेंडू मारला की बॅट चक्क भिरकावून देतात. बॅटला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो हो!

पाचव्या डावात इरा आली. हेल्मेट भुवयांपर्यंत. तिनं एकदा वळून कुंपणापलीकडे माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवला. पहिला चेंडू तिनं सोडला. "गुड आय!" दुसरा आला, आणि माझ्या भाचीनं तीन वर्षांत पहिल्यांदा सगळा जीव लावून बॅट फिरवली. ठक्क! असा आवाज, की मी आयुष्यात विसरणार नाही.

फोटोही विसरणार नाही. आता एक कबुली. मी मशीनगनसारखे धडाधड फोटो काढत नाही. एक चेंडू, एक क्लिक, हा माझा बाणा. क्रिकेटमध्ये गोलंदाज येतो, चेंडू सुटतो, टप्पा पडतो, आणि टप्प्यानंतर एक क्षण मोजून माझं बोट आपोआप दाबलं जातं. तीस वर्षांत ते बोट डोक्याला विचारत नाही. आणि या दळभद्री खेळात चेंडूचा टप्पाच पडत नाही! माझं बोट टप्प्याची वाट बघत राहिलं. क्लिक झालं तेव्हा चेंडू आणि इरा दोघंही गेलेले. पडद्यावर आली जमिनीवर पडलेली बॅट, धुळीचा एक ढग, आणि चौकटीच्या कडेला निसटणारी एक टाच.

इरा पहिल्या बेसवर पोचण्याआधीच बाद झाली. पळत माझ्याकडे आली, कुंपणावरून वाकून पडद्यात बघितलं.

"नाइस शू, मामा," ती म्हणाली.

तिच्या मागून मेघना. "लग्नातसुद्धा तू मंगळसूत्र बांधून झाल्यावरच फोटो काढतोस. मीच विसरले होते."

तेवढ्यात तो केविन आला. खांद्यावर हात ठेवून अत्यंत प्रेमानं म्हणाला, हा खेळ वेगळा आहे, तुम्ही सलग फोटो काढा, म्हणजे काहीतरी सापडतंच. आणि मला मूठभर सूर्यफुलाच्या बिया दिल्या. वर सल्ला, आणि हातात बिया. एखाद्या माणसाचा किती अपमान करावा याला मर्यादा असते. शिवाय इराचा तो फटका त्याच्याकडेही नव्हता, त्या वेळी तो बॅटरी बदलत होता. म्हणजे उरलं काय? शेवटचा एक सामना.

मी कॅमेऱ्याचा एकपायी दांडा जमिनीवर आपटला. दांड्याची पकड तुटली. सलग फोटो काढायचा विचारही मी त्या क्षणी मनातल्या मनात आपटला.

रास अल खोर

ती पकड दुरुस्त करायला श्रीरंगराव मला रास अल खोरच्या वर्कशॉपांत घेऊन गेले. आणि इथं जरा माझा राग निवला. टॉवर संपतात, गोदामं सुरू होतात. टायरांचे डोंगर, वेल्डिंगच्या ठिणग्या, कडेला करक नावाचा कडक दुधाळ चहा आणि गरम पराठा. घराची आठवण यावी अशी पहिली जागा.

पेशावरकडचे एक म्हातारे उस्ताद होते. दाढी पांढरी, बोटं काळी. त्यांनी तुटकी पकड हातात फिरवली आणि विचारलं, "किसकी शादी थी?"

मी सगळं सांगितलं. भाची, बोर्ड, टप्पा, टाच. त्यांना फोटोही दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"इस खेल में बॉल टप्पा नहीं खाती?"

"नहीं, उस्ताद."

"तो फिर आप इंतज़ार किसका कर रहे थे?"

श्रीरंगराव चहात बघायला लागले. उस्तादांनी जुन्या मोटरसायकलच्या पार्टातून नवी पकड बसवून दिली, ती मूळ पकडीपेक्षा भक्कम निघाली. जाताना म्हणाले, "बच्ची का फोटो आ जाए तो दिखाना. यल्ला." यल्ला म्हणजे तिकडचं 'चला'.

त्या संध्याकाळी मी कॅमेरा मशीनगनवर टाकला. केविनचं ऐकलं नाही. उस्तादांचं ऐकलं.

वाळवंटाच्या कडेला

बुधवारी श्रीरंगरावांनी व्यावसायिक सामन्याची तिकिटं काढली होती. दुबईच्या बाहेर, जिथं इमारती संपून वाळू सुरू होते तिथं मैदान. दिवे, ढोल, नाचणारा एक मोठा बाहुला. प्रेक्षकांत जपानी, फिलिपिनो, आणि आपली माणसं भरपूर, त्यातली अर्धी एकमेकांना 'ओव्हर किती झाल्या' विचारणारी.

दारावर केरळी सुरक्षारक्षकानं माझी लेन्स बघितली. "प्रोफेशनल कॅमेरा नॉट अलाउड, सर."

त्या प्रवासात पहिल्यांदा कुणीतरी मला प्रोफेशनल म्हणालं, आणि त्याच कारणासाठी लेन्स गाडीत ठेवायला लावली. मोठ्या खेळाडूंचे फोटो मी शेवटी श्रीरंगरावांच्या मोबाइलवर काढले. त्यात खेळाडू साबुदाण्याएवढे आहेत.

पण खेळ! मी रागात असूनही सांगतो, तो डोळ्यांचं पारणं फेडणारा होता. माणूस पन्नास पावलं धावत येऊन आडवा हवेत झेप घेतो आणि हातमोज्याच्या टोकात चेंडू अडकवतो. इरा खुर्चीच्या टोकावर बसली होती. स्वतःचा हातमोजा घरून आणला होता तिनं, मांडीवर ठेवलेला.

"हा कशाला?"

"इन केस," ती म्हणाली.

सहाव्या डावात एक चेंडू उंच उडाला, आमच्या रांगेत आला, पुढच्या खुर्चीवर आपटला आणि सरळ माझ्या पोटात. मी झेलला! टाळ्या, शिट्ट्या, मोठ्या पडद्यावर मी! आणि क्रिकेटवर वाढलेला सभ्य माणूस जे करतो ते मी केलं. उभा राहिलो, नेम धरला, आणि चेंडू मैदानात परत फेकला.

पूर्ण स्टँड ओरडला. आनंदानं नाही. मैदानातल्या खेळाडूनं चेंडू उचलला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला आहेर परत केला होता. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हातात आला त्याचा असतो, परत द्यायचा नसतो. हे मला आधी सांगायला काय झालं होतं? विमानतळावर पाटी लावायला काय झालं होतं?

इरा हातमोजा छातीशी धरून समोर बघत होती. मग अगदी हळू, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "मामा. इन बेसबॉल, इफ द बॉल कम्स टू यू, यू कॅच इट. अँड यू कीप इट. ऑल्वेज."

"ऑल्वेज?"

"ऑल्वेज."

मी मनाशी खूणगाठ बांधली.

पुन्हा क्लबचं मैदान

शनिवार. शेवटचा सामना. मुलांच्या खाऊची पाळी त्या दिवशी मेघनाची होती, म्हणून पहाटे उठून तिनं शंभर साबुदाणा वडे तळले होते. डबा गाडीत. मी कुंपणाबाहेर, पोपटी जाकिटात, उस्तादांच्या पकडीवर लेन्स, कॅमेरा मशीनगनवर. केविन आत, लांब, गुडघ्यावर.

पहिले पाच डाव इराकडे एकही चेंडू आला नाही. फलंदाजीत दोनदा "गुड आय" आणि दोनदा चालत. मी दात खात होतो. शेवटचा डाव. आपला संघ एका धावेनं पुढे, समोरच्यांचा एक मुलगा तिसऱ्या बेसवर, दोन बाद. आणखी एक बाद झाला की सामना संपला, मोसम संपला, तीन वर्षं संपली. मी लेन्समधून फक्त इराकडे बघत होतो. ती हातमोज्यावर मूठ आपटत होती.

फलंदाजानं उशिरा बॅट फिरवली. चेंडू वर गेला. आणि उजवीकडे वळला.

तीन वर्षांत पहिल्यांदा, उजवीकडे!

इरा निघाली. माझ्याच दिशेनं. लेन्समध्ये तिचा चेहरा मोठा होत होता, तोंड उघडं, डोळे आभाळात. माझं बोट दाबलं गेलं, कॅमेरा धडधडायला लागला. कुणाची वाट नाही बघितली उस्ताद, शपथेवर सांगतो! चेंडू चौकटीत उतरायला लागला. आला, आला, मोठा झाला, आणखी मोठा झाला, इतका की मी कॅमेऱ्यावरून मान वर काढली. चेंडू माझ्याकडे येत होता.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? पंधरा वर्षं मी स्लिपमध्ये उभा राहिलोय. आणि तीनच दिवसांपूर्वी मला बजावलं होतं. यू कॅच इट. ऑल्वेज. हात आपोआप गेला. कुंपणावरून, मैदानाच्या आत, पूर्ण लांब. टप्प! एका हातात. काय झेल होता म्हणून सांगू! मी बोट वर करून "हाउजॅट!" ओरडलो.

कुंपणापलीकडे दोन फुटांवर इरा हातमोजा पसरून उभी होती. रिकामा.

"मामा!" ती ओरडली. "माझा होता तो! माझा होता ना रे!"

कपाटातली मराठी बाहेर आली होती, आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. दोन वर्षांच्या अन्यायावर मी जो आठवडाभर गरजत होतो, त्या अन्यायाचा कळस माझ्याच उजव्या हातानं चढवला होता. हातात चेंडू तसाच. परत फेकू की ठेवू, हेही कळेना.

पंच चालत आले. दोन्ही कोच मागोमाग. पंचांनी माझा हात कुठपर्यंत गेला होता ते मला परत करून दाखवायला लावलं. मी दाखवलं. मग इराला विचारलं, तू कुठं होतीस? ती जिथं होती तिथं जाऊन उभी राहिली, हातमोजा वर करून, डोळे भरलेले. पंचांनी दोघांमधलं अंतर बघितलं, वर बघितलं, जणू चेंडू अजून यायचाय. आणि मूठ वर केली. बाद!

नियम असा, की प्रेक्षकानं मैदानात हात घालून झेल अडवला आणि तो झेल नक्की झाला असता, तर फलंदाज बाद. आपण जिंकलो. आणि मारिसानं वहीत तो बळी इराच्या नावावर लिहिला. "शी हॅड इट, सर," मला म्हणाली. "तुम्ही नसता तर तिचाच होता."

मला मात्र पंचांनी मैदानाच्या परिसरातून बाहेर काढलं. पोपटी जाकीट काढून घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा! मुलं इराला खांद्यावर घेऊन नाचत होती आणि मी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत, साबुदाणा वड्यांच्या डब्याशेजारी बसून माझे फोटो बघत होतो. पहिला, इराच्या टोपीचं टोक. मग आभाळ. आभाळ. कुंपण. आणि माझा स्वतःचा बूट. श्रीरंगराव येऊन शेजारी बसले. मी वाट बघत होतो, पण पहिल्यांदाच ते इन्शाल्ला म्हणाले नाहीत.

मग सगळी पलटण वड्यांसाठी आली. मागोमाग केविन, एका हातात वडा, दुसऱ्या हातात कॅमेरा. हा त्याचा सहावा, असं मेघनानं नंतर सांगितलं. त्यानं कॅमेऱ्याचा पडदा इरापुढे धरला. आम्ही सगळे वाकलो.

हा माणूस काढतो बरं का फोटो. हे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं, पण काढतो. मधोमध इरा, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, हात पूर्ण ताणलेला, वेणी मागे आडवी उडालेली, नजर चेंडूवर. तिच्या तीन वर्षांतलं सगळं त्या नजरेत होतं. आणि चेंडूही चौकटीत होता. नियमाप्रमाणे. माझ्या मुठीत. कडेनं मी, अर्धा कुंपणावर, दात बाहेर, जाकीट पोपटी.

"बॉल इज इन द फ्रेम," मारिसा म्हणाली. "फॉर मी, ओके."

केविननं माझ्यावर आपला अंगठा ठेवला. मी झाकला गेलो. मुठीची दोन पेरं सोडली तर फक्त चेंडू उरला, हवेत असल्यासारखा, आणि इरा. खरंच सुंदर दिसत होतं. त्यानं इराला विचारलं, हा भाग कापून टाकू का?

"काढा, काढा, दादाला काढाच," मेघना म्हणाली. मीही मान हलवली. या शिक्षेला मी पात्रच होतो.

इरानं केविनचा अंगठा दोन्ही हातांनी धरून बाजूला केला आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशी ओरडली, "नाही हं! मामाला नाही काढायचं! नाहीतर सगळ्यांना वाटेल, माझ्याच हातून सुटला!"